चौथ्या मजल्याचं गाणं

२ फेब्रुवारी

झालं! सातवं गाणंही पास!

कुलूपवाल्या काकांना त्यांचं गाणं ऐकवलं. एकही ओळ खोडली नाही त्यांनी. आमच्या संगीत नाटकाचा नियमच आहे — ज्याची गोष्ट, त्याला गाणं आधी ऐकवायचं, आणि नको ती एक ओळ खोडायचा हक्क त्याचा. सात खरी माणसं, सात गाणी, खोडाखोड शून्य. चाली लावणारे मास्तर पेटीवरून मान वर न करता म्हणाले, "बाई, डोक्यात हवा जाऊ देऊ नका." गेली तर गेली! हवेशिवाय पेटी तरी वाजते का?

५ फेब्रुवारी

आठवी गोष्ट मिळाली, आणि काय मिळाली!

लिफ्टवाल्या मावशी. मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. स्टुलावर बसायचं, तोंड बटणांकडे, माणसं मागे. "सगळं पाठीनं ऐकलं गं," म्हणाल्या. "कोण रडून आलाय, कोण नुकताच बाप झालाय, पाठीला कळतं." आणि दिवसभर तोंडात एकच शब्द — "कितवा?"

अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या जरा खाली अडकली. आत मावशी आणि दिवस भरलेली एक बाई. पाऊण तास! बाळ मावशींच्या हातांवर आलं. मुलगा. दार उघडलं, माणसं धावली, त्याला उचलून घेऊन गेली. पुढचे चार दिवस मावशी तापानं अंथरुणात. परत कामावर गेल्या तोवर आई-बाळ घरी गेलेले. नाव नाही, पत्ता नाही.

"मला मूलबाळ नाही. एकदा बघायचाय गं तो. गाणं झालं तर त्याच्या कानावर पडेल ना?"

पडेल की, म्हटलं. रस्त्यातच उभी राहून मुखडा लिहिला.

९ फेब्रुवारी

एका बैठकीत गाणं पुरं. एकच खोट होती. 'चौथ्याच्या' चालीत बसेना, दोन मात्रा कमी. मग सुचलं — 'सातव्याच्या'! कसं मोकळं, भरघोस. *सातव्याच्या खाली थांबली गं लिफ्ट.* वा!

मास्तर म्हणाले, "पण खरा चौथाच ना?"

"मास्तर, प्रेक्षक मजले मोजायला येत नाहीत."

१२ फेब्रुवारी

मावशींना ऐकवलं. मी सुरुवात केली तशी त्यांनी खुर्ची फिरवली, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे! तशाच ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "चौथा होता. ती ओळ खोड."

पहिली खोडाखोड! तीही माझ्या सगळ्यात लाडक्या ओळीवर! चाल समजावली, मात्रा मोजून दाखवल्या. त्यांचं आपलं एकच — "चौथा होता."

घरी येईपर्यंत धुसफुसत होते. मग डोकं चाललं. ओळ खोडली. नवी लिहिली — *थांबली गं लिफ्ट सातव्याच्या खाली.* ओळ वेगळी की नाही? नियम पाळला!

मास्तरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पाहू देत.

२० फेब्रुवारी

पोस्टर लागलं. मधोमध लिफ्टचं दार, खाली 'लिफ्टमध्ये जन्मलेल्या बाळाचं गाणं'. मान ताठ करून तीनदा त्यासमोरून गेले.

१ मार्च

दुपारचा पहिला प्रयोग. हाउसफुल! लिफ्टच्या गाण्याला वन्स मोअर. मावशी पहिल्या रांगेत. 'सातव्याच्या' आलं तशी त्यांची मान खाली गेली. नंतर "छान झालं हो" म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. जरा टोचलं. पण टाळ्या केवढ्या!

२ मार्च

तोंडाची चव गेली आहे.

नाट्यगृहाचा दरवान सहज बोलायला म्हणून सांगत होता. "काल एक जण लिफ्टच्या गाण्यातच उठून गेला, ताई. ताडमाड माणूस. म्हणाला, घरी मला सगळे चौथ्या म्हणतात, चौथ्या मजल्याखाली लिफ्टमध्ये झालो म्हणून. पोस्टर बघून आलो होतो. पण हे तर कुणा सातव्याचं निघालं."

नाव विचारलंस? पत्ता?

"मी कशाला विचारू?"

पायरीवरच बसले. दोन मात्रांसाठी! एका बाईचं उभ्या आयुष्यातलं एकच मागणं, ते दारापर्यंत आलं होतं आणि मी माझ्या हातानं परत पाठवलं. लाज वाटते. स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती.

मावशींकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, बोलतील, हाकलतील. त्यांनी खुर्ची फिरवली, पाठ माझ्याकडे केली. मग म्हणाल्या, "उंच आहे का गं तो?"

३ मार्च

सकाळीच मास्तरांकडे. चौथा बसवा, काय वाटेल ते करा. त्यांनी एक पट्टी दाबली आणि 'चौ' दोन मात्रा ओढला. *चौऽऽथ्याच्या खाली.* सूर तिथं अडकून राहतो, अगदी लिफ्टसारखा. बसला! पहिल्या दिवशीही बसला असता.

"आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो, बाई."

बोलले होते. मीच ऐकलं नाही.

पोस्टर नवीन केलं. 'चौथा मजला' — हातभर अक्षरात. खळीची बादली घेऊन मी स्वतः चिकटवत फिरले. कपडे चिकट, केस चिकट. होऊ देत. सापडेल तो! मला माहीत आहे, सापडेल.

८ मार्च

दुसरा प्रयोग. चौथा गायला. मावशी खुर्चीवर बसायला तयार नाहीत. मागच्या दाराशी उभ्या, तोंड दाराकडे, पाठ रंगमंचाकडे. कुणी आलं नाही. "पुढच्या रविवारी," म्हणाल्या.

१५ मार्च

गाणं सुरू झालं आणि मागचं दार उघडलं. वाकून आत यावं लागलं त्याला, इतका उंच. मावशींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कितवा?"

तो म्हणाला, "चौथा."