प्रत क्रमांक दोन

२० जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.

डॉक्टर म्हणाले, राग कमी करा. मी रागावत नाही, मला फक्त पटत नाही, हा फरक त्यांना वीस मिनिटं उभ्याने समजावून सांगितला. त्यांनी गोळी वाढवली. असो. संकल्प: १५ मार्चपर्यंत रागवायचं नाही. आवाज जपायचा.

कारण १५ मार्चला लेखक आपल्या वाचनालयात येणार! ज्यांच्या बत्तीस रहस्यकथा मी कोळून प्यालोय, ते. स्वागताचं भाषण कोण करणार, असं ग्रंथपालबाईंना सहज विचारलं. म्हणाल्या, बघू. म्हणजे ठरलंच.

त्यांच्या नव्या 'पाठमोरा साक्षीदार'वर उड्या पडताहेत. वाचनालयात दोन प्रती. त्यातल्या प्रत क्रमांक दोनचा कणा महिन्याभरात मोडला. ती दुरुस्तीला घरी आणली. छापखान्यात चौतीस वर्षं बाइंडिंग केलं, आता वाचनालयाची पुस्तकं मीच शिवतो. सोळा-सोळा पानांचे वीस फर्मे सुटे केले. शिवता शिवता भाषणाची तालीमही उरकली. हातवाऱ्यांसकट. एका आवेशात फर्म्यांचा गठ्ठा खाली गेला. उचलला, भाषण पुढे चालू. हात आपोआप चालतात. शेवटचं वाक्य आणि शेवटचा टाका एकदमच पडले. याला म्हणतात हुकमत.

आतलं एक अक्षर वाचलं नाही. बाइंडरने वाचायचं नसतं, ही माझी शिस्त. प्रतीक्षायादीत माझा नंबर पंधरावा. तो येईल तेव्हाच.

२१ जानेवारी, बुधवार.

पुस्तक परत दिलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत डकवलेला मतांचा कागद भरला होता, तो काढून नवा लावला. आपल्याकडे पुस्तक परत करताना एक ओळ मत लिहायची पद्धत आहे. खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. ही पद्धत मीच सुरू करवली. लोकमताचा आदर.

बाईंनी विचारलं, तपासलंत ना? चौतीस वर्षं, म्हटलं. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ६.३०.

लोकमत खड्ड्यात गेलं!

प्रत दोनच्या कागदावर सात मतं. सात वार! क्रमांक १८८: 'खुनी एवढ्या लवकर सांगून टाकला, मग पुढची अडीचशे पानं कशासाठी?' क्रमांक ३०६: 'मेलेला काका पुढच्या प्रकरणात चहा पितो. लेखक आता थकले.' क्रमांक ९७: 'शेवट वाक्यात मध्येच तुटतो. घाई दिसते.' आणि कळस म्हणजे क्रमांक २१२: 'पानांचे आकडे बघावेत.' २१२ म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. कादंबरीत आकडे बघतो! एक्स्पायरी डेट शोधत असेल.

तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्या माणसाने तीस वर्षं यांच्या झोपा उडवल्या, त्याला हे 'थकला' म्हणणार? संकल्प दोन तास स्थगित.

घरी आलो तर हिचा केक आज पुन्हा बसलेला. वर दगड, आत चिखल. वाचनालयाचं पुस्तक बघूनच केला म्हणते. सूचना नीट वाचाव्यात, एवढंच म्हटलं. केक कोणी खाल्ला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

प्रत क्रमांक एकचा कागद पाहिला. आणि काय आश्चर्य! सगळी स्तुती. 'शेवटच्या पानापर्यंत श्वास रोखला.' 'घड्याळजी खुनी निघेल असं स्वप्नातही वाटलं नाही.' 'काकांच्या मृत्यूने रडले.'

एकच कादंबरी, एकच वाचनालय, आणि मतांत जमीन-अस्मानाचा फरक! याच्या मुळाशी जायलाच हवं. तासभर टेबलाशी बसून मुळाशी गेलो. निष्कर्ष: प्रत एक सकाळच्या कपाटात असते, प्रत दोन संध्याकाळच्या. सकाळी येतात ते निवांत, जाणते लोक. संध्याकाळी येतात ते ऑफिसात डोकं ठेवून आलेले. भाषणात या संध्याकाळच्या वाचकांची सालटी काढायची. मुद्दा क्रमांक एक.

बाईंना सिद्धांत सांगितला. म्हणाल्या, तुम्हीही संध्याकाळीच येता. अपवाद असतात, म्हटलं.

(खुनी घड्याळजी, हे त्या मूर्ख स्तुतीने आधीच फोडलं. तेही माफ.)

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.

काल संध्याकाळी नंबर लागला. प्रत दोनच मिळाली. माझीच प्रत, माझंच शिवणकाम. एका बैठकीत संपवली.

काय हे धाडस! चौसष्टाव्या पानावर इन्स्पेक्टर दार ठोठावतो, आणि पान उलटताच घड्याळजी हात जोडून कबुली देतोय! मधला तपास नाही, पुरावा नाही, काही नाही. सरळ कबुली, पश्चात्ताप, दोन पात्रांचं लग्न. मग कथा मागे जाते, मेलेले काका चहा पितात, म्हणजे काळच उलटा फिरतो. घड्याळजी खुनी आणि काळ उलटा! यातली संगती त्या औषधवाल्याला कधी कळणार? आणि शेवट: 'इन्स्पेक्टरने पडदा बाजूला केला आणि' बस्स. वाक्य तिथेच संपतं. वाचकाच्या तोंडावर दार बंद!

सुरुवातीला जरा गोंधळलो, हे फक्त इथे लिहितो. मग उमगलं. थोर साहित्य पहिल्या वाचनात गोंधळवतंच.

ही शेजारी भाजी निवडत होती. पुस्तकात डोकावून म्हणाली, अहो, चौसष्टनंतर तीनशे पाच कसं? मी म्हटलं, तोच तर प्रयोग आहे. ती म्हणाली, प्रयोग पानाच्या आकड्यांतपण असतो का? मोठ्या लेखकांचा असतो, म्हटलं. ती भाजीकडे वळली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

गोळ्या आणायला औषधवाल्याकडे. कादंबरीचं नाव काढायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. त्यानेच काढलं. म्हणाला, काका, कादंबरी वाचलीत? कोणती प्रत मिळाली? मी म्हटलं, प्रत महत्त्वाची नसते, वाचक महत्त्वाचा असतो. तो म्हणाला, तसं नाही हो, ते दुरुस्तीत काहीतरी... पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. माझ्या दुरुस्तीवर बोट? नाचता येईना अंगण वाकडं! कादंबरी डोक्यावरून गेली की बाइंडर वाईट!

पायरी उतरताना वळून त्याला सुनावलं. दुकानात तिघं होते, ऐकत राहिले. गोळ्या राहिल्याच. परत जाणं शक्य नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न.

१ मार्च, रविवार.

गोळ्या हिने आणल्या.

वाचक मंडळाची बैठक. पंचवीस मिनिटं बोललो. शेवटी स्वतःच्याच टाळ्यांनी भानावर आलो. क्रमांक ३०६, एक शिक्षिका, म्हणाल्या, आमची तक्रार एवढीच की गोष्ट समजली नाही. मी म्हटलं, ती तक्रार नाही, कबुली आहे. हशा झाला. दोघं हसले. तिसरा खोकत होता.

बाईंची अट: १५ तारखेला सात मिनिटं, एक सेकंद जास्त नाही, आणि कोणावर टीका नाही. त्याआधी प्रत दोन जरा पुन्हा बघून घ्या, म्हणाल्या. मी दुखावलो, पण मोठ्या मनाने भाषण स्वीकारलं. प्रत काय बघायची? पाठ आहे.

८ मार्च, रविवार. सकाळी १०.

हिने प्रत एक आणून वाचली. सकाळच्या कपाटातली. म्हणते, घड्याळजी शेवटच्या पानांत कबुली देतो, काका मध्ये मरतात आणि मेलेलेच राहतात. मी हसलो. म्हणाली, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघू या का? दोन मिनिटांचं काम आहे.

संतापलो. बत्तीस कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला आता वाचायला शिकवणार? घरचाच आहेर! ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मला कधीच आवडलं नाही. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहणार म्हणून सांगत होते.

कपडे इस्त्रीला टाकले.

१५ मार्च, रविवार. सकाळी ८.

आवाज उत्तम. राग शून्य. मोजून सात मिनिटांचं भाषण, तालमीत एकोणीस होतं. तिथे आटोपशीर करू.

१५ मार्च. संध्याकाळी.

थोडक्यात लिहितो.

हॉल भरला होता. औषधवाला दुसऱ्या रांगेत. लेखक माझ्यापासून चार हातांवर, बारीक चणीचे, अंगात स्वेटर. मी सुरुवात जोरात केली. ज्यांना रहस्य शेवटच्याच पानावर लागतं, त्यांनी शब्दकोडी सोडवावीत, म्हटलं. खुन्याला चौसष्टाव्या पानावर उघडा पाडून उरलेली कादंबरी उभी करायला वाघाचं काळीज लागतं, म्हटलं. प्रत दोन उंच धरली. ही प्रत मी स्वतःच्या हातांनी शिवली आहे, म्हटलं. टेबलावर मूठ आपटली. पाणी सांडलं.

लेखकांनी हात पुढे केला. जरा बघू, म्हणाले. पानं उलटली. एकदा पुढे, एकदा मागे. मग शेवटचं पान काढलं, 'आणि' वर बोट ठेवलं. वर पंखा करकरत होता.

मग म्हणाले, शेवटचा फर्मा चौथ्याच्या मागे लागलाय हो. मी हे असं लिहिलेलं नाही.

मी काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही. त्यांनी कण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, शिवण मात्र फार सुबक आहे. टाका सुटायचा नाही.

खरंच म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

औषधवाला हसला नाही. त्याने उठून माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन मिनिटं वीस सेकंदांत खाली बसलो. बाईंनी घड्याळ लावलं होतं.

१६ मार्च, सोमवार.

प्रत दोन उसवली. टाका खरंच सुटत नव्हता. विसावा फर्मा जागेवर लावला. तोंड मिटून शिवलं, वीस वेळा आकडे मोजले. मग वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कादंबरी चांगली आहे. काकांच्या मृत्यूपाशी थांबलो. खुनी कोण हे मात्र पहिल्या ओळीपासून ठाऊक. तेहतिसाव्या कादंबरीत पहिल्यांदाच. ते काही आता उसवता येणार नाही.

मतांच्या कागदावर लिहिलं: 'वरची सगळी मतं कादंबरीबद्दल नाहीत, बाइंडरबद्दल आहेत. सभासद क्रमांक ४१.'

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ३.

बाईंनी वर्षभरात मी बांधलेली पुस्तकं टेबलावर काढून ठेवली होती. एकोणीस. म्हणाल्या, घरी न्या, तपासा. घाई नाही. फक्त तालमी नकोत.

पिशव्या औषधवाल्याने दारापर्यंत आणून दिल्या. मी दार धरलं.

पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं केकचं. अठ्ठेचाळिसाव्या पानावर केकचं सामान, आणि पुढच्या पानावर बिस्किटांची कृती. पिवळ्या कागदाची खूण तिथेच आहे, हिच्या अक्षरात: 'चौथ्यांदा. काय चुकतंय?'

ती आत आहे. उठतोय. भाषण तयार नाही.