चपटी शेपटी

९ नोव्हेंबर
प्रीतमचा व्हिडिओ आला आणि जेवण गेलंच नाही. रत्नागिरीच्या ट्रॉलरवर खोल पाण्यातून जाळं ओढलं, त्यात हे — दोन हात लांब, ठिपक्यांचं, शेपूट सुईसारखं टोकदार. वळवळत होतं. आणि हा मागून हसतोय! (सासूबाईंसमोर त्याचं नाव घेत नाही, इथे घेते.)

सासूबाईंनी एकदाच पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. पवनीच्या तलावात मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाल्या, "सांग त्याले, शेपटी पाहूनच हात लावजो म्हणा. चपटी असन तं वाम, मासा होय. टोकदार असन तं जनावर." सापाला त्या साप म्हणत नाहीत. मी तसंच बोलून पाठवलं, दोनदा. उत्तर आलं — "हो वं रंजू, शेपटी पायल्याशिवाय हात नाई लावत."

१० नोव्हेंबर
बोट परत खोल गेली. फोन बंद. भीती वाटते.

१२ नोव्हेंबर
राहवेना. बोटमालकांना व्हिडिओ पाठवून फोन केला. ते हसले. "अहो ताई, ही सापवाम. मासाच आहे. खोल गाळात शेपटीकडून शिरते, म्हणून ती टोकदार. विष नाही तिला." किती हायसं वाटलं! वेडीच मी. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "समुद्रातला साप वेगळा. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. तो चावला तर माणूस हाती लागत नाही."

आम्ही त्याला नेमकं उलटं शिकवून पाठवलंय. मालकांना सगळं सांगितलं, ते म्हणाले वायरलेसवर कळवतो.

सासूबाईंना सांगायला तोंड उघडेना. शेवटी सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "माह्या बापानं सांगतलं होतं मले, शेपटीचं." एवढंच.

१३ नोव्हेंबर
वायरलेस लागत नाही म्हणे. भात करपला.

१४ नोव्हेंबर
बोट रेंजमध्ये आली असावी. त्याचा कालचा बोललेला मेसेज आत्ता आला — "आईले सांग, आज चपट्या शेपटीची वाम होती. पाहूनच हात लावला. जराशी चावली, दुखत नाई. फक्त पापण्या जड होऊन राहिल्या. झोपतो थोडा."

त्याला लावलाय, फोन वाजतोय. तो उचलत नाही. सासूबाईंसमोरच प्रीतम, प्रीतम म्हणून ओरडले. त्यांनी अडवलं नाही.