नाव विचारायला येतोय

कासारवाडी,
१२ मार्च १९७४

तीर्थरूप अक्कास,

विलासचा सप्रेम जयभीम. मी मजेत आहे. दर खेपेला लिहितो तेच वाक्य, पण या खेपेला खरं आहे.

तुझं कार्ड मिळालं. "साहेब झालास. चाकण तासाभरावर, तरी भाच्याच्या बारशाला मामा नाही. बाळाचं नाव हवं असेल तर येऊन विचार." पोस्टमनने ते वाचूनच हातात दिलं, त्यामुळे सगळ्या चाळीला तुझा राग ठाऊक आहे.

आधी कंपनीतली गंमत ऐक. छातीत बुरशी धरली की माणूस टीबीसारखाच खोकतो. ती ओळखायचं औषध परदेशातून येतं, तेही महिनोन्‌महिने येत नाही. तोवर रोगी टीबीची इंजेक्शनं टोचून घेत बसतो. म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या शालनबाई म्हणाल्या, इथंच करू. आम्ही कुजक्या कडब्यावरची बुरशी वाढवून तिचा अर्क काढतो. चायनाग्रासच्या थरात दोन खळगे पाडायचे, एकात अर्क, दुसऱ्यात रक्तातलं पाणी. रोग्याचं असेल तर दोन दिवसांत मधे पांढरी रेघ उमटते. निरोगी माणसाचं असेल तर काही नाही.

आमच्याकडे दोघांनाही रेघ! अर्काचे पाच घाणे ओतून दिले. शेवटी शालनबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पाचही कसे बिघडतील? निरोगी म्हणून रक्त कोणाचं घेताय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग स्टोअरमधल्या भैरूला धरून आणलं. "मला काय बी झालं न्हाई, मी रोज दूध पितो," म्हणत तो दंड लपवत होता. त्याच्या रक्ताला रेघ नाही. माझ्या रक्ताला चांगली ठळक. घाणे पाचही उत्तम होते, अक्का. नासका मीच निघालो.

आता लपवत नाही. वर्षभर खोकतोय. आबा टीबीने गेले, वाटलं आता माझी पाळी. एक्स-रे काढायचा धीर झाला नाही. तू आबांचा पेला वेगळा ठेवायचीस, तसा मी खोलीवर माझा ठेवला. आणि कुणाला संशय नको म्हणून कंपनीत निरोगी माणूस हवा म्हटलं की मीच दंड पुढे करायचो. बारशाला मी आलो होतो गं. चाकणच्या स्टँडवर उतरलो, खोकल्याची उबळ आली, आणि त्याच गाडीने परत फिरलो. बारा दिवसांचं पोर, त्याला कसा घेऊ? फार रडलो त्या दिवशी.

डॉक्टरांनी एक्स-रे, थुंकी, सगळं तपासलं. टीबी नाही, बुरशीच आहे. ती एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा ते चिडलेच. गोळ्या चालू आहेत, बुरशीच्या खोलीतून बदली झाली, खोकला निम्म्यावर आलाय. शालनबाईंनी माझ्या रक्ताच्या बाटलीवर 'खात्रीचा रोगी' अशी चिठ्ठी लावली. बढतीच म्हणायची!

रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. चहा घरातल्या कुठल्याही कपात दे. पोटभर भांड, पण आधी त्याला माझ्या मांडीवर ठेव. नाव पत्राने कळवू नकोस.

विचारायला येतोय,
त्याचा मामा
विलास