चौदा सांडश्या आणि नऊ हातोड्यांबाबत

मी, इंद्रभान नामदेव बाजड, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती व हौसेने लोहारकाम, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत आहे, परंतु आज सकाळी मी स्वतःची दाढी स्वतः केली व कुठेही कापले नाही, हे त्यांनाही मान्य आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हा कागद एका ओळीत संपला असता, कारण घरच्यांचे म्हणणे एवढेच आहे की सगळे भंगारात द्या.

कलम १. घर. राहते घर माझे नाही. ते २००९ साली मीच माझी पत्नी सौ. रंगूबाई हिच्या नावे करून दिले. त्या वेळी मी उदार होतो. घरामागची टिनाची शेड, जिच्यात माझी भट्टी आहे, तीही तिच्याच जागेत येते. म्हणजे मी बायकोच्या जागेतला बिनभाड्याचा लोहार आहे.

कलम २. शेत. मुलगा ऋषिकेश, ज्याचे वाशिमला बियाण्यांचे दुकान आहे, आणि मुलगी योगिनी, जी धनजला दिली असून तिथेच शाळेत शिकवते, या दोघांना मागच्याच वर्षी वाटणी करून दिली. दोघांनाही वाटते की दुसऱ्याचा तुकडा चांगला आहे, त्यावरून वाटणी बरोबर झाली असावी.

हे ऐकून वाशिमचे वकील मला म्हणाले, "मंग काका, उरलं काय? मृत्युपत्र कायले पाह्यजे?"

मी म्हणालो, "चौदा सांडश्या, नऊ हातोडे, सहा सुंबे अन् एकवीस छिन्न्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला चहा मागवला. फी घेतली नाही.

कलम ३. ही हत्यारे कशी झाली. सन २०१४ च्या निंदणाच्या दिवसांत मी गावातले लोहार देवानंद पवार यांच्याकडे आठ खुरपी धार लावायला टाकली. इकडे शेतात बाया येऊन बसलेल्या आणि तिकडे हे तीन दिवस मला उद्या या म्हणून राहिले. चौथ्या दिवशी माझे डोके फिरले. मी म्हणालो, "देवानंद, लोखंड तापवाचं अन् ठोकाचं. याले का चार दिवस लागतात?"

देवानंद यांनी आपला हातोडा माझ्या हाताला लागणार नाही असा मागे सरकवला आणि म्हणाले, "मंग तुमीच करा ना भाऊ. पर माह्या हत्यारायले हात लावाचा नाई. लोहार आपली हत्यारं आपुनच बनवते. पह्यले सोताची सांडशी बनवा, मंग खुरप्याचं बोला."

मी तिथल्या तिथे चार लोकांदेखत पैज लावल्यासारखा हो म्हणालो. सांडशी म्हणजे तापलेले लोखंड धरायचा लांब दांड्यांचा चिमटा. ती घडवायची तर तापलेले लोखंड धरावे लागते आणि ते धरायला सांडशी लागते. ही मेख देवानंद यांना ठाऊक होती. मला ती घरी आल्यावर, भट्टी पेटल्यावर कळली. म्हणून मी स्वयंपाकघरातली, पातेली उतरवायची सांडशी घेतली. ती रंगूबाईच्या माहेरची होती. पंधरा मिनिटांत तिचा अर्धा भाग भट्टीत राहिला आणि अर्धा माझ्या हातात.

माझी पहिली सांडशी तयार झाली, तिचे तोंड मिटत नसे. दुसरीचे उघडत नसे. तिसरी बरी होती, पण आता चांगला हातोडा हवा होता. हातोड्याला भोक पाडायला सुंबा हवा, सुंबा धरायला वेगळ्या तोंडाची सांडशी हवी, आणि ते तोंड वळवायला लहान हातोडा हवा. अशी अकरा वर्षे गेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली की शेडपासून अंगणापर्यंत रांग लागते आणि कुंकवाचा करंडा अर्ध्यातच संपतो. एवढे होऊनही खुरपे मात्र मी आजपर्यंत एकही केलेले नाही. आमची खुरपी अजून देवानंद यांच्याकडेच जातात आणि ते दर वेळी विचारतात, "का भाऊ, हत्यारं झाली का पुरी?" मी दर वेळी सांगतो की एक सांडशी तेवढी राहिली आहे.

कलम ४. कबुली. मरताना मनात काही ठेवू नये म्हणून लिहितो.

(अ) भट्टीला हवा द्यायला मी ऋषिकेशच्या खोलीतल्या कूलरचा पंखा मोटरीसकट काढला, तो मे महिन्यात. त्याच्या लग्नानंतरचा तो पहिला उन्हाळा होता. सुनेने माहेरी फोन करून सांगितले की सासरी हवा भरपूर आहे, पण ती लोखंडाला मिळते.

(ब) ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची छिन्नी केली, तर ती पाण्याऐवजी तेलात विझवावी, असे मी मोबाइलवर पाहिले होते. सर्वांत जवळचे तेल म्हणजे योगिनीच्या साखरपुड्यासाठी आणलेला डबा. छिन्नी उत्तम झाली. तेलाचे मी कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी धनजचे व्याही पाचवी पुरी घेताना म्हणाले, "पुरीले लय येगळी चव हाये, काय टाकलं?" रंगूबाईने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा जग उचलून दुसऱ्या पंगतीकडे गेलो. व्याह्यांना आता कळवतो की तो कमानपाटा होता.

कलम ५. हातोडा क्रमांक चार. याचे भोक तिरपे पडले, त्यामुळे दांडा डावीकडे कलतो. मारणाऱ्याने उजवीकडे कलावे, म्हणजे घाव सरळ बसतो. मी इतकी वर्षे कलून कलून तसाच झालो आहे. रिसोडच्या शिंप्याने माप घेताना विचारले की काका, पडले होते का. हा हातोडा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला तर अंगठ्यावर बसतो, ही सूचना मी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.

कलम ६. मुन्ना. मुन्ना विश्वनाथ खानझोडे हा रंगूबाईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा. याने पोळ्याच्या दिवशी वरील सूचना न वाचता वरील हातोड्याने बैलाचा खुंटा ठोकला आणि आपला अंगठा सुजवून घेतला. पुढे चार वर्षांपूर्वी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वाशिमला गेलो असताना त्याने भंगारवाल्याची गाडी दारात बोलावली. मी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून रिक्षातून उतरलो तेव्हा माझ्या सात सांडश्या तराजूत होत्या. भंगारवाला एक हातात धरून मुन्नाला विचारत होता, "वजन तं होते भाऊ, पर हे हाये काय?" मुन्ना हसत होता. ते हसणे मी विसरलेलो नाही. राग वारसाने देता येत नाही असे वकील म्हणतात. येत असता तर मी तो ऋषिकेशला देऊन दरवर्षी फुंकत राहायला सांगितले असते.

खरे सांगायचे तर मला मरणाची तेवढी भीती वाटत नाही. मला त्या तराजूची वाटते. ही हत्यारे वाकडी असतील, पण मी केली आहेत, आणि माझ्यामागे कोणीतरी ती हातात धरावीत एवढीच माझी इच्छा आहे. या कागदाचा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

कलम ७. हत्यारे कोणाला. पहिल्या मसुद्यात मी सांडश्या ऋषिकेशला, छिन्न्या व सुंबे योगिनीला आणि हातोडे मुन्नाला (सूड म्हणून) लिहिले होते. महालक्ष्म्यांसाठी सगळे घरी जमलेले होते. जेवणे चालू असताना वकिलांचा फोन आला की ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे वाद होतात. मी ते पंगतीतच मोठ्याने सांगितले. ही माझी चूक झाली.

ऋषिकेश तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "बाबा, मी साक्षीदार होतो."

योगिनी म्हणाली, "मले बी घ्या. मी शाळेत रोज सह्याच करून राह्यली ना."

मुन्ना म्हणाला, "भाऊजी, एका साक्षीदाराच्या दोन सह्या लागत असन तं मी दोन करतो."

संध्याकाळी मी मान खाली घालून देवानंद यांच्याकडे गेलो आणि विचारले की तुम्ही तरी घ्याल का. त्यांनी भट्टीतले लोखंड उलटून ठेवले. मग म्हणाले, "भाऊ, ते इथं ठेवलं तं गिऱ्हाईक मलेच इचारन, हे कोनं बनवलं म्हणून. मले बी साक्षीदारच करा."

म्हणून या कलमात पुढची जागा कोरी सोडली होती. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, माझ्याकडे चार झाले आणि वारस एकही नाही. आज सकाळी चौघांनी माझ्यासमोर पटापट सह्या केल्या. एवढ्या उत्साहाने या घरात माझे कोणतेही काम झालेले नाही. मग मी पेन रंगूबाईपुढे ठेवला. घर तिचे आधीच आहे, या कागदात तिला काही मिळत नाही, आणि या हत्यारांचा सर्वांत जास्त राग तिलाच. पाचवी सही तिची होणार हे मी धरूनच चाललो होतो.

तिने चष्मा लावून सगळा कागद वाचला. पुऱ्यांच्या ओळीपाशी थांबली, माझ्याकडे पाहिले, पुढे वाचू लागली. मग विचारले, "इथं सई केली तं मले यातलं कायीच भेटत नाई?"

मी म्हणालो, "नाई."

तिने पेनाला टोपण लावले. "मंग मी नाई करत."

मुन्ना म्हणाला, "बाई, तुले कायले पाह्यजे ते लोखंड?"

"तू चूप बस. या मानसानं अकरा वर्स नुसती हत्यारंच बनवली. आता सारी झाली तयार. खुरपं बनवाचंच तं राह्यलं, ते मी बनवीन."

मी कागद पुन्हा माझ्याकडे ओढला. मग मी म्हणालो की भट्टीचा अंदाज यायला वेळ लागतो.

ती म्हणाली, "तुमी हायेत ना अजून. मराच्या आंधी शिकवा, मंग जा कुठं जाचं तं."

तरी कलम सातमधली कोरी जागा आता भरतो ती अशी: सर्व सांडश्या, हातोडे, सुंबे, छिन्न्या, ऐरण व कूलरचा पंखा माझ्या पश्चात सौ. रंगूबाई हिचे. हातोडा क्रमांक चार वापरताना उजवीकडे कलावे. या ओळीखाली चारही साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या आहेत. ऋषिकेश सही करताना सांडश्यांकडे वळून पाहत होता, पण आता उशीर झाला. देवानंद यांनी सही करून रंगूबाईला सांगितले, "वयनी, पह्यलं खुरपं झालं का मले दाखवा." मला त्यांनी हे अकरा वर्षांत एकदाही म्हटले नाही. याची नोंद घ्यावी.

उद्या सकाळी सहाला भट्टी पेटवायची आहे, म्हणून लिहिणे आवरते घेतो.

स्थळ : केनवड, शेडमध्ये, ऐरणीवर कागद ठेवून
दिनांक : २ सप्टेंबर २०२५

लिहून ठेवणार : इंद्रभान नामदेव बाजड (सही)

साक्षीदार :
१. ऋषिकेश इंद्रभान बाजड, वाशिम (सही)
२. सौ. योगिनी सुधीर ढोबळे, धनज (सही, सुवाच्य)
३. मुन्ना विश्वनाथ खानझोडे, रिसोड (न मागता दोन सह्या)
४. देवानंद किसन पवार, लोहार, केनवड (सही)
५. सौ. रंगूबाई इंद्रभान बाजड, केनवड. सही करण्यास नकार. सबब वारस.