उपाशी राहणारा मासा

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर

सौ. शामला हिस आशीर्वाद.

माझी तब्येत छान आहे. तुझा खोकला गेला का?

आपल्या हेमेंद्रच्या टाकीत आहेत ते चंदेरी मासे शौकिनांसाठी इतके उपसले गेले, की त्यांच्या समुद्रात ते संपत आलेत. घरची पिल्लं जगली, तर शिंदे की छावनीतला दुकानदार समुद्रातले मागवणार नाही म्हणतो.

या जातीत बापच अंडी तोंडात धरून उपाशी राहतो. मागच्या खेपेस आपल्या सूनबाईने, हेमांगीने, "बाबा, याने काहीच नाही खाल्लं," म्हणत पाहुण्यासारखा आग्रह करून दाणे घातले आणि त्याने दाण्यांबरोबर अंडीही गिळली. बिचारीला घास गेला नाही.

आज पिल्लं सुखरूप बाहेर पडली. हेमांगीने आधी त्या बापाला वाढलं, मग आम्हाला चहा दिला.

तूही वेळेवर जेवत जा.

तुझा,
महिपत