दीड वीत दूर

चि. हयग्रीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्याचं मला चार महिन्यांनी, काल इथे आलेल्या तुझ्या मुलीकडून कळलं, म्हणून लिहायला बसले. "बाबा म्हणाले, आत्याला सांगू नकोस, रागावेल," असं गोदा हसत म्हणाली. मी हसले नाही.

पंचाहत्तर साली तू निघालास त्या सकाळी आपण माझ्या पृथ्वीगोलावर बंगळूरपासून टोरांटोपर्यंत दोरा ताणला होता. एक टोक तू धरलं होतंस. विमानाचे तेरा हजार किलोमीटर जेमतेम दीड वीत भरले. तू म्हणालास, "तुंबा दूर, अक्का." मी सूटकेस बांधत होते, मला कन्नडातला 'दूरु' ऐकू आला, म्हणजे तक्रार. "दूरु सांगू नकोस, निघ," म्हणाले. तू अंतराबद्दल बोलत होतास, 'फार लांब' एवढंच म्हणत होतास, हे बस सुटल्यावर समजलं. त्यानंतर तू कधीच तक्रार केली नाहीस, आणि मी ते लोकांना कौतुकानं सांगत आले.

हे पत्र टाकणार नाही. वाचून पाहिलं, तर पुन्हा रागावल्यासारखंच उतरलंय.

तुझी अक्का,
नागरत्ना

गोदाच्या हाती दिलं: दोरा एक, दोन्ही टोकांना शाईची खूण. तोंडी निरोप एक: "आता दूरु सांग."