वलगावची ओंजळ

अकोला, ७ जानेवारी १९६२

ती. मैनाताईस देवमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या विहाराचा बुद्ध तयार आहे. पंजाबरावच्या ट्रकमधून गुरुवारी पाठवतो. मूर्ती साच्यातलीच, पण पापण्या मी हातानं कोरल्यात. यंदा पातूरपासून तुमच्यापर्यंत गावोगावी मूर्ती हवी आहे आणि माझी चूल त्यावरच पेटते, तेव्हा कुरकुर नाही. मूर्ती उतरवून घेताना म्हातारी माणसं रडतात, ते पाहून बरंही वाटतं.

सोबत दुसरी पेटी येईल. तिच्यात माझ्या मनातलं काम आहे, दोन वर्षांचं. शेडमध्ये आता मोठ्या मूर्तीला जागा लागते, म्हणून ते तुझ्या अंगणात असू दे. इथे ज्यानं पाहिलं तो हसला. एक ड्रॉइंग मास्तर म्हणाले की हात चांगला आहे, हे खूळ तेवढं सोड. आता तू पाहा. तुलाही ते खूळ वाटलं तर यापुढे साचेच भरीन, असं ठरवलंय. समजावून मात्र काही सांगणार नाही.

भाऊजींना जयभीम. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा देवमन

वलगाव, १५ जानेवारी १९६२

चि. देवमनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बुद्ध सुखरूप पोचला. सगळं गाव खूश आहे. मग दुसरी पेटी उघडली. उकिडवी बसलेली बाई, मानेवर नुसते दोन हात ओंजळ करून, आणि त्या हातांतलं डोकं गायब. पेटीतलं गवत दोनदा चाळलं. पंजाबरावला मी नको नको ते बोलले. तो बिचारा शपथा खात होता की गाडी बैलांच्या चालीनं आणली.

तुला कळलं तर जिवाला लावून घेशील, म्हणून आधी दुरुस्ती करून घेतली. पुंजाराम गवंड्यानं ओंजळीत सिमेंटचं छान डोकं बसवलं, अंबाडा घातला, केसांना काळा रंग दिला. नाक जरा त्याच्या बायकोसारखं झालंय, तेवढं चालवून घे.

थंडी फार आहे, छाती जप. आठवण ठेवावी.

तुझी ताई, मैना

अकोला, १९ जानेवारी १९६२

ती. ताईस जयभीम. वि. वि.

डोकं तुटलं नव्हतं. मी ते केलंच नव्हतं. पंजाबरावची माझ्या वतीनं माफी माग.

तुझा राग नाही, तू मायेनंच केलंस. पण फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. आई असती तर तिनं ओळखलं असतं, असं आपलं मला वाटतं. छिन्न्या तेल लावून फडक्यात बांधून ठेवल्या. उद्यापासून नांदगाव खंडेश्वरच्या तीन मूर्ती भरायला घेतो.

बाकी ठीक.

देवमन

वलगाव, २ फेब्रुवारी १९६२

चि. देवमनास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रविवारी पार्बताबाई आली. आपल्या गावची, आईच्या जोडीची; हल्ली इथे लेकीकडे असते. अंगणात त्या बाईसमोर ती किती तरी वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली की हे डोकं काहून बसवलं वो, हे त तुई माय मनकर्णा हाय, पानी पेतानी तिचं तोंड दिसेच नाई.

देवमन, मग मला ती विहीर आठवली. आपल्या बायांनी रहाटाला शिवायचं नाही. उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची आणि कुणी तरी हातभर उंचावरून पाणी सोडायचं. तेव्हा आईचा चेहरा दिसायचा नाही, नुसती ओंजळ दिसायची. तू तिच्या मागे उभा असायचास, आणि मीही तिथेच असायची. आज शाळेत मुलींना शिकवते मी, आणि मला ते दिसलं नाही. फार लाज वाटली रे.

पुंजारामकडून डोकं काढून घेतलं. त्यात एका बोटाचा टवका उडाला. ते काम त्याचं नाही, तेव्हा फडक्यात बांधलेल्या छिन्न्या घेऊन तूच ये. नांदगावच्या मूर्ती पोचवायच्याच आहेत, वाट इकडूनच कर.

पार्बताबाई दुसऱ्या दिवशी लोटा भरून आली. तिनं त्या ओंजळीत पाणी घातलं. वरून नाही, लोटा बोटांना टेकवून.

वाट पाहते.

तुझी ताई, मैना